सलोखा : एका शब्दाची वाट

मराठीत भांडणाला शब्दांचा तोटा नाही. तंटा, बखेडा, कज्जा, झगडा, कलह, वितुष्ट, हेवादावा, भाऊबंदकी! प्रत्येकाची छटा निराळी आणि प्रत्येकाचे ठिकाणही निराळे. बांधावरून होतो तो तंटा. कचेरीची पायरी चढतो तो कज्जा. आणि एका ताटात जेवलेल्या माणसांमध्ये शिरते ती भाऊबंदकी. भांडणाची इतकी बारीक वर्गवारी करणाऱ्या या भाषेने भांडण मिटविण्याची सोयही तितक्याच काळजीने करून ठेवली आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. तह, समेट, तडजोड, समझोता, दिलजमाई आणि सलोखा हे सारे शब्द वरवर पाहता एकाच अर्थाचे वाटतात. परंतु जी भाषा एकाच गोष्टीला सहा नावे देते, ती बहुधा सहा वेगवेगळ्या गोष्टी पाहत असते.

तह हा राज्याराज्यांमधला. त्याला कलमे असतात, तारीख असते, शिक्का असतो. तडजोडीत दोन्ही पक्षांना थोडे थोडे सोडावे लागते, म्हणून तिच्यात समाधानापेक्षा हिशेब अधिक. समझोता हा हिंदीच्या वाटेने आलेला. 'समज' हा त्याचा गाभा. दिलजमाईत फारसी 'दिल' म्हणजे अंतःकरण आणि अरबी 'जमा' म्हणजे एकत्र येणे ही दोन पदे आहेत. ज्या 'जमा'पासून जमाखर्च आणि जमाबंदी हे हिशेबी शब्द आले, त्याच धातूने विखुरलेले मन गोळा होण्याचीही कल्पना पुरविली. फारसीत या शब्दाचा अर्थ चित्ताची स्वस्थता, निश्चिंती असा होता. मराठीने तो एका मनावरून दोन मनांवर नेला.

या सर्वांहून सलोखा निराळा आहे आणि त्याचे निराळेपण मराठीच्या क्रियापदांनीच दाखवून दिले आहे. तह करतात, समेट घडवितात, तडजोड काढतात. सलोख्याने मात्र राहतात, वागतात, नांदतात. तह मोडतो, सलोखा बिघडतो. तहावर सही होते. सलोख्यावर सही करता येत नाही. तह एका दिवसात होऊ शकतो, सलोखा एका दिवसात होत नाही. तह ही घटना आहे. सलोखा ही राहणी आहे. हा भेद कोणा पंडिताने ठरवून दिलेला नाही. शतकानुशतके बोलणाऱ्यांनी तो नकळत पाळला आणि त्याचे कारण शब्दाच्या जन्मातच सापडते.

सलोख्याचे मूळ अरबी 'सुलूक' या शब्दात मानले जाते. अरबी भाषेतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. 'स-ल-क' या मुळाचा अर्थ आहे वाटेने जाणे, वाट धरणे. तसेच एखादी वस्तू दुसरीत ओवणे. यापासून 'सालिक' म्हणजे वाटसरू. 'मसलक' म्हणजे मार्ग, पंथ. 'सिल्क' म्हणजे ज्यात मणी ओवतात तो दोरा, आणि पुढे धातूची तार. आधुनिक अरबीत बिनतारी संदेशवहनाला 'लासिल्की' म्हणतात, म्हणजे ज्याला तार नाही ते. आकाशवाणीच्या लहरींवरून ज्या यंत्रणेने शब्द घरोघर पोचतात तिचे अरबी नाव आणि मराठी सलोखा ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हा योगायोग मनोरंजक आहे.

सूफी साधकांनी 'सुलूक' या शब्दाला आध्यात्मिक अर्थ दिला. ईश्वराकडे नेणारी टप्प्याटप्प्याची वाटचाल म्हणजे सुलूक, आणि ती करणारा साधक म्हणजे सालिक. वाटेने चालणे या अर्थापासून चालण्याची रीत आणि रीतीपासून वागणूक, असा या शब्दाचा प्रवास झाला. मराठीला यात काही परके वाटण्याचे कारण नाही. 'चाल' आणि 'चालचलणूक', 'वर्तन' आणि 'वर्तणूक', 'वाट' आणि 'वहिवाट' या जोड्यांमध्ये मराठीनेही हीच पायवाट मळलेली आहे. माणूस कसा चालतो यावरून तो कसा आहे हे ठरविण्याची सवय कोणा एका भाषेची नव्हे.

फारसीत आणि तिच्या मार्फत उर्दू-हिंदीत 'सुलूक' म्हणजे वागणूक, वर्ताव. तो चांगला असू शकतो, तसाच वाईटही. हिंदीत 'बुरा सलूक' म्हणतात तेव्हा त्यात काही विसंगती वाटत नाही. मात्र त्याच भाषांत या शब्दाला आदराची वागणूक, उपकार आणि क्वचित परस्परांतील मेळ असेही अर्थ चिकटू लागले होते. मराठीने नेमकी ही शेवटची छटा उचलली आणि बाकीच्या सोडून दिल्या. 'वाईट सलोखा' असे मराठीत म्हणता येत नाही. वागणूक या तटस्थ शब्दातून वाईट वागणूक गाळून टाकल्यावर जे उरते, त्याला मराठी माणसाने सलोखा म्हटले.

शब्दाच्या उच्चारात झालेला बदलही नियमाला सोडून नाही. फारसीतून आलेल्या शब्दांतील अखेरचा 'क' मराठीच्या तोंडी पुष्कळदा 'ख' झालेला आढळतो. पोशाकाचा पोशाख झाला, चालाक चलाख झाला, मुल्काचा मुलूख झाला. त्याच रीतीने सुलूकाचा सलूख झाला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हाच सलूख भेटतो आणि तेथे तो बहुधा राजकारणातील मेळ, लढाई थांबवून पुन्हा स्थापलेला स्नेह या अर्थाने येतो. त्याला मराठी वळणाचा आकारान्त शेवट मिळाला आणि सलोखा तयार झाला. सलूख दरबारात राहिला आणि दरबाराबरोबर मागे पडला. सलोखा मात्र गल्लीत, वाड्यात आणि चावडीवर उतरला, म्हणून टिकला.

येथे आणखी एका शब्दाची आठवण करणे आवश्यक आहे. अरबी 'सुल्ह' म्हणजे शांतता, मिटवामिटव. हिंदीतील 'सुलह' आणि गुजरातीतील 'सुलेह' हे त्याचेच वंशज. अकबराच्या राज्यनीतीचे सूत्र म्हणून ओळखले जाणारे 'सुलह-इ-कुल', म्हणजे सर्वांशी शांतता, हेही त्यातलेच. या शब्दाचे मूळ 'सुलूक'च्या मुळाहून वेगळे आहे. धड असणे, नीट असणे हा त्याचा आशय. मराठीतील 'सल्ला' हा शब्द याच दुसऱ्या मुळाचा. सुलह आणि सुलूक यांचे मूळ वेगळे असले, तरी भारतीय कानांना ते जवळचे वाटले असणे स्वाभाविक आहे. सुलहने शांततेचा अर्थ दिला आणि सुलूकने वागण्याचा. मराठी सलोख्यात आज हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात.

संस्कृतने याच कल्पनेकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. 'संधि' या शब्दात 'सम्' म्हणजे एकत्र आणि 'धा' म्हणजे ठेवणे. दोन तुकडे एकमेकांस लावून ठेवणे ही त्यातली मूळ प्रतिमा. म्हणून शरीरातील हाडांचा जोड तो संधी, दोन वर्णांचा मेळ तोही संधी आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील परराष्ट्रनीतीच्या सहा गुणांपैकी पहिला तोही संधीच. मराठीत मात्र या शब्दाने वेगळीच वाट धरली. दोन काळांच्या सांध्यावरची नेमकी वेळ, आणि म्हणून अनुकूल वेळ, या अर्थाने 'संधी' म्हणजे मोका झाली. जोडण्याचा मूळ अर्थ 'सांधा' आणि 'सांधणे' या तद्भव रूपांनी सांभाळला.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या फरकाचा अनुभव पदोपदी येतो. १९६० साली भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये झालेल्या सिंधू नदीच्या पाण्याविषयीच्या कराराला हिंदीत 'सिंधु जल संधि' म्हणतात. नुकतेच इंदूरला किंवा दिल्लीला गेलेल्या मराठी श्रोत्याला ही कसली पाण्याची संधी चालून आली, असा क्षणभर प्रश्न पडला तर नवल नाही. 'समाधान' हा शब्द तर याहून फसवा. त्यातही 'धा' हाच धातू. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती, हिंदीत समस्येची उकल, तेलुगूत प्रश्नाचे उत्तर, तर तमिळ आणि मलयाळममध्ये शांतता, समेट. तंजावरच्या मराठी घरात आजीचे समाधान आणि दारापलीकडच्या शेजाऱ्याचे समाधान यांत असा पडद्याचा फरक असतो. बंगालीत तर भांडण मिटविण्याला 'मीमांसा' म्हणतात. जो शब्द मराठीत विचारवंतांच्या ग्रंथात राहतो, तो तेथे चौकातील तंट्याचा निकाल लावतो. एकच शब्द प्रांताप्रांतात निरनिराळे काम करतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्या समाजाला कशाची गरज अधिक होती याची खूण ठेवून जातो.

आता तह आणि सलोखा यांच्यातील अंतर इतिहासात पाहता येईल. १६६५ च्या जून महिन्यात शिवाजी महाराज आणि मिर्झा राजे जयसिंह यांच्यात पुरंदरचा तह झाला. महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे ठेवले. कलमे स्पष्ट होती. संदिग्ध असे काही नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी आग्र्याचा प्रसंग घडला, आणि १६७० साली सिंहगडापासून दिलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. तह होता, पण त्यामागे दोन्ही पक्षांनी एका वाटेने चालण्याची इच्छा नव्हती. तलवार उपसण्यापूर्वीची ती एक उसंत होती.

याच्या उलट उदाहरण वारणेच्या तहाचे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे सख्खे चुलत भाऊ. गादीच्या वादाने मराठ्यांचे राज्य दुभंगले होते आणि सरदार कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकत होते. १७३१ साली दोघांची भेट झाली आणि त्याच वर्षी तह ठरला. वारणा नदीच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरकडे गेला. या तहातील दोन अटी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत : एकाचे जे वैरी ते दुसऱ्याचेही वैरी, आणि एकाचे नोकर दुसऱ्याने आपल्याकडे ठेवू नयेत. पहिली अट राजकारणाची. दुसरी मात्र रोजच्या वागण्याची आहे. भाऊबंदकीला खतपाणी घालणारा माणूस बहुधा एका घरातून रुसून दुसऱ्या घरात जाणारा असतो, हे ओळखून ती घातलेली दिसते. सीमा आखून तह होतो, पण रोजच्या वागण्याला वळण लावल्याविना सलोखा होत नाही, हे त्या मुत्सद्द्यांना ठाऊक होते.

गावपातळीवरच्या न्यायातही हीच दृष्टी होती. मराठेशाहीत वतनाचा किंवा जमिनीचा तंटा गोतसभेपुढे येई. निकालाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर उपस्थितांच्या निशाण्या होत. पाटलाच्या नावापाशी नांगर उमटे. निवाडा सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्ष 'राजीनामा' लिहून देत. आज नोकरी सोडण्याचा कागद ठरलेला हा शब्द तेव्हा निकाल मान्य करण्याच्या राजीखुशीचा कागद होता. त्याखेरीज जामीन घेतले जात. एक हजर राहण्याबद्दल, आणि दुसरा ठरल्याप्रमाणे वागण्याबद्दल. या दुसऱ्याला 'वर्तनजामीन' म्हणत. निवाडा कोणाच्या बाजूने लागला याइतकेच, निवाड्यानंतर माणसे कशी वागतील याला त्या व्यवस्थेत महत्त्व होते. वर्तनाचा जामीन मागणे म्हणजे सलोख्याच्या मूळ अर्थाला, त्या सुलूकाला, जामीन मागणेच होय.

तथापि जुन्या गावगाड्याचे हे चित्र पुरे झाले असे मानता येणार नाही. ज्या गोतसभेत नांगराची निशाणी उमटत होती, त्याच गावात काही माणसांना पाणवठ्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. तेथे भांडण नव्हते. कारण भांडण्याचा अधिकारच एका पक्षाला नव्हता. अशा निःशब्दतेला सलोखा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. कागद झाला, परंतु वागणूक बदलली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा गावाची शांतता भंगली असे अनेकांना वाटले. वस्तुतः जी भंगली ती शांतता होती, सलोखा नव्हता. पुढे दहा वर्षांनी, १९३७ च्या मार्च महिन्यात, मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. वाटेवर चालण्याचा हक्क एकालाच असेल तर दोघे मिळून चालणे शक्य नाही, हा सलोख्याच्या व्युत्पत्तीत दडलेला धडा महाडने सर्वांसमोर मांडला.

अलीकडच्या काळात या शब्दाला सरकारी दप्तरातही स्थान मिळाले आहे. १९४७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात शेतजमिनींचे तुकडे एकत्र करण्याची योजना राबविली गेली आणि गट क्रमांक पडले. ती होताना कित्येक ठिकाणी असे घडले की सातबाऱ्यावर नाव एका शेताचे आणि नांगर चालतो दुसऱ्याच शेतात. आपल्या नावाची जमीन शेजारी कसतो आणि शेजाऱ्याच्या नावाची आपण, अशा स्थितीत दोन पिढ्या गेल्या. नावाप्रमाणे अदलाबदल करावी तर मुद्रांक शुल्काचा भार, न करावी तर कर्ज नाही, वाटणी नाही, आणि मनात सतत धास्ती. यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये योजना काढली, तिचे नावच 'सलोखा'. किमान बारा वर्षे परस्परांच्या जमिनीचा ताबा एकमेकांकडे असलेल्या शेतकऱ्यांना केवळ एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता यावा, अशी सोय तिने केली. तिला 'तडजोड' किंवा 'समझोता' असे नाव दिले असते तरी अर्थ कळला असता. परंतु येथे कोणी काही सोडायचे नाही. वर्षानुवर्षे जसे वागत आलो त्याची कागदावर नोंद व्हायची आहे. वागणूक आधी आणि कागद मागाहून, म्हणून सलोखा हे नाव अचूक बसले.

याहून कठीण कसोटी शहरांची असते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले विणकर आणि कामगार तेथे दाटीने राहतात. १९७० आणि १९८४ साली या गावाने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसह नियमाने एकत्र बसू लागली. या बैठकांत मोठ्या तत्त्वांची चर्चा होण्यापेक्षा रोजच्या लहान तक्रारी अधिक येत आणि तेथेच निकालात निघत. लहान भांडण मोठे होण्यापूर्वी ते कोणापाशी न्यावे, हे प्रत्येकाला कळू लागले. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ हे महिने आले. जवळची मुंबई पेटली होती. दोनदा जळालेली भिवंडी मात्र त्या वेळी शांत राहिली.

भिवंडीत कोणताही तह झाला नव्हता. कोणी कोणापुढे शस्त्र ठेवले नव्हते, कोणी एखाद्या कागदावर कायमच्या मैत्रीची शपथ घेतली नव्हती. माणसे केवळ ठरल्या दिवशी येऊन बसत राहिली. एकमेकांच्या घराकडे जाणारी वाट वापरात राहिली, आणि वापरातली वाट अंधारातही सापडते. सुलूक म्हणजे वाटेने चालणे, हा शब्दकोशातला अर्थ तेथे गल्लीबोळात खरा ठरला.

मराठी घरात दर संक्रांतीला हाच विचार तिळगुळाच्या रूपाने हातावर ठेवला जातो. वर्षभरात ज्याच्याशी बोलणे बंद झाले त्याच्याही दारी जाण्याची त्या दिवशी मुभा असते, आणि मागणे असते ते गोड बोलण्याचे. प्रेम करा, विसरून जा, क्षमा करा, अशी मोठी मागणी त्यात नाही. मनावर कोणाची सत्ता चालत नाही, हे या रिवाजाला ठाऊक आहे. जिभेवर मात्र चालू शकते. मन मागाहून येते, किंवा कधी कधी येतही नाही. तरी एका आळीत, एका विहिरीवर, एका देशात राहणाऱ्यांना वागण्याची रीत सांभाळता येते.

अरबस्तानातील वाटसरूंच्या पायांखाली जन्मलेला, सूफींच्या साधनेत तपलेला, दरबारी फारसीतून दख्खनला पोचलेला आणि मराठीच्या ओठांवर 'क'चा 'ख' होऊन स्थिरावलेला हा शब्द आज परका आहे असे कोणी म्हणणार नाही. परक्या मुलखातून आलेला शब्द ज्या भाषेत इतका घरचा होऊन राहतो, त्या भाषेने सलोखा निदान शब्दांच्या बाबतीत तरी पाळलेला असतो. माणसांच्या बाबतीत तो रोज नव्याने पाळावा लागतो. तो एकदा करून ठेवता येत नाही आणि वारशाने मिळत नाही. ज्या वाटेवरून पावले जात नाहीत तिच्यावर गवत उगवते, आणि दोन घरांमधली वाट याला अपवाद नाही.